तुकोजीरावांचं घोडेमलम

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात जाऊन तुकोजीराव मोहिते कुठं राहतात असं विचारलं, तर दोघं-तिघं तरी मान हलवून पुढं जातील. पण कुदुरे मुलामु देणारे ताता कुठं राहतात असं विचारा, म्हणजे दुकानातला माणूस हातातलं काम टाकून पायरीवर येईल आणि बोट करून घर दाखवील. कन्नडात कुदुरे म्हणजे घोडा, मुलामु म्हणजे मलम, ताता म्हणजे आजोबा. मोहित्यांच्या घरात त्याला घोडेमलम म्हणत. तुकोजीरावांचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. खोगिराने घोड्याची पाठ सोलवटली की लावायचं मलम त्यांच्याबरोबर घरात आलं, असं सांगायचे. घोड्याला चालतं तर माणसाला का नको, म्हणून पुढं ते माणसांनाही लागलं. घोडे गेले, खोगिरं गेली, मलम तेवढं राहिलं.

वर्षातून दोनदा, युगादीच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी, तुकोजीराव मागच्या मोकळ्या जागेत चूल मांडत. मंडी मोहल्ल्यातल्या जडीबुटीच्या दुकानातून राळ आणि मेण आणायचं. तिळाच्या तेलात कडुलिंबाचा पाला करपेपर्यंत तळायचा, तेल गाळायचं, त्यात मेण आणि कुटलेली राळ घालून आटवायचं आणि गरम असतानाच डब्यांत ओतायचं. विकायचं नाही, वाटायचं, अशी वडिलांची ताकीद होती आणि ती त्यांनी चाळीस वर्षं पाळली. मलम शिजवलं की दोन-तीन दिवस त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची, पापण्या जड व्हायच्या. "राळेचा धूर उष्ण असतो," असं म्हणून ते ताक प्यायचे, की झालं.

पोटापाण्याला त्यांनी तीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली. व्हॅनमध्ये स्टिअरिंगसमोर गणपती आणि गणपतीशेजारी मलमाची डबी. एखादं पोरगं पळताना आपटलं, गुडघा फुटला, की तातांचं बोट डबीत जायचं. पोरगं रडायचं थांबायचं, ते मलमामुळे की तातांच्या "झालं, संपलं, घोडा पळाला" या बोलण्यामुळे, हे कुणी तपासलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी व्हॅन सोडली. आता सकाळी भाजी आणायची, पेपर वाचायचा आणि मलम मागायला येणाऱ्यांशी गप्पा मारायच्या, एवढंच काम उरलं होतं.

गेल्या जुलैत मंडी मोहल्ल्यात भाजी घेताना मागे वळले आणि कुणीतरी उभ्या केलेल्या स्कूटरची किक त्यांच्या डाव्या नडगीला लागली. चिंचोक्याएवढं सालपट निघालं. रक्त म्हणावं तर दोन थेंब. घरी येऊन त्यांनी पाय धुतला, घोडेमलम लावलं, आणि विसरून गेले.

आठवड्याने पाहिलं तर चिंचोक्याचं सुपारीएवढं झालं होतं. भोवतीची कातडी लाल होती आणि तिथं अशी खाज सुटायची, की जेवताना त्यांचा उजवा पाय आपोआप डाव्या पायावर घासायला लागायचा.

"अहो, पाय खाजवू नका की," वनजाबाई म्हणाल्या. वनजा म्हणजे त्यांची बायको, त्रेचाळीस वर्षांचा संसार.

"खाज आली म्हणजे भरत आलंय. सुम्ने राहा, गप," तुकोजीराव म्हणाले आणि मलमाचा आणखी एक थर दिला.

ऑगस्ट गेला. जखम भरायच्या ऐवजी पसरली. कडेने बारीक फोड यायचे, फुटायचे, चिकट पाणी वाहायचं, खपली धरायची, खपलीखालून पुन्हा पाणी. शेवटी वनजाबाईंनी त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी साखर तपासली. साखर ठीक होती. खरं तर तुकोजीरावांना साखर असती तर बरं, असं क्षणभर वाटून गेलं. निदान कारण तरी सापडलं असतं.

"जखमेला घरी काय लावता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," तुकोजीराव म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. औषध म्हणजे दुकानातून आणतात ते, ज्याच्यावर तारीख छापलेली असते ते. घोडेमलम हे त्यांच्या लेखी औषध नव्हतंच. आंघोळीला काय वापरता, असं कुणी विचारलं तर पाणी असं कोण सांगतं?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जखम साफ करून वर कापड ठेवलं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. घरी येऊन तुकोजीरावांनी पट्टी हळूच उचकटली, खाली घोडेमलम भरलं आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली. डॉक्टरांचंही राहिलं, आपलंही राहिलं. सप्टेंबरअखेर त्यांनी दसऱ्याचं मलम नेहमीसारखं शिजवलं. यावेळी डोळे इतके सुजले की सकाळी उघडेनात. वनजाबाई थंड पाण्याची घडी ठेवत बसल्या.

आता मलम न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तातांच्या पायावरची पट्टी दिसू लागली. लोक विचारायचे आणि विचारलं की सल्ला द्यायचेच. समोरच्या बाईंनी सांगितलं, हा नंजु आहे, म्हणजे विखार. वांगं, शेंगदाणे आणि अवरेकाळू, म्हणजे पावटे, बंद करा, या वस्तू जखमेत विष चढवतात. तुकोजीरावांनी वांगं सोडलं, शेंगदाणे सोडले. अवरेकाळूचा हंगाम तोंडावर आला होता. बाजारात शेंगांचे ढीग पडू लागले, शेजारच्या घरातून फोडणीचा वास येई आणि ते मुकाट्याने मुगाच्या आमटीबरोबर भात कालवत. पाय तसाच.

जुने शेजारी दामोदरराव, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, एका संध्याकाळी आवाज खाली आणून म्हणाले, "तुकोजीराव, रागावू नका. कातडीचं असं चिघळणं म्हणजे नागाचा कोप असतो म्हणतात. कधी साप-बीप मारला होता काय?"

"मी कशाला साप मारीन?" तुकोजीराव म्हणाले. पण दामोदरराव गेल्यावर ते बसून राहिले. वीसेक वर्षांपूर्वी पावसाळ्यात व्हॅन नेताना चाकाखाली काहीतरी लांबुळकं गेलं होतं. मागे वळून पाहिलं तेव्हा रस्त्यावर ते पडलेलं दिसलं होतं, पण पोरं शाळेला उशीर झाला म्हणून ओरडत होती. तो साप होता की पाण्याचा रबरी पाइप? पाइप असावा. पण हललं होतं का? त्यांना आठवेना. जितकं आठवायला जावं तितकं ते कधी हलायचं, कधी पडून राहायचं.

नोव्हेंबरात बेट्टदपुराहून त्यांच्या चुलत भावाचा, मालोजीरावांचा फोन आला. मालोजीरावांची तिथं थोडी शेती होती आणि मोठं मन होतं. "दादा, इकडे या. डोंगरावरच्या मल्लय्या देवाला नवस बोलून घेऊ. इथं येऊन बरा झाला नाही असा माणूस मला दाखवा."

तुकोजीराव आणि वनजाबाई बसने गेले. डोंगराच्या पायऱ्या चढणं या पायाने शक्य नव्हतं. ते खाली चपला काढून, हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्या वतीने मालोजीराव नारळ घेऊन वर गेले. पोचल्याच्या संध्याकाळी वनजाबाईंनी पिशवी उपसली तर मलमाची डबी नव्हती, आणि चिकटपट्टीचं भेंडोळंही घरीच राहिलं होतं.

"आता?" तुकोजीराव म्हणाले. चाळीस वर्षांत ते डबीशिवाय गावाला गेले नव्हते.

"आता काय? जुनी सुती साडी आहे माझी. फाडते, उकळते, बांधते," वनजाबाई म्हणाल्या.

नऊ दिवस ते तिथं राहिले. तिसऱ्या दिवशी खाज कमी झाली. पाचव्या दिवशी पाणी वाहणं थांबलं. आठव्या दिवशी लाली उतरून जखमेच्या कडेला गुलाबी, नवी कातडी धरू लागली. मालोजीराव येईल-जाईल त्याला तो पाय दाखवत होते. तुकोजीरावांचे डोळे भरून आले. निघताना त्यांनी डोंगराकडे तोंड करून जमिनीला डोकं टेकलं.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर फळीवरून घोडेमलमाची डबी काढली. "देवाने निम्मं केलं. राहिलेलं आपलं आपण करायचं," असं म्हणून त्यांनी जाड थर दिला आणि वर चिकटपट्टी ओढली.

चार दिवसांत पाय पहिल्यापेक्षा वाईट झाला.

तुकोजीराव पायाकडे बघत राहिले. त्यांना राग येईना, रडू येईना. डोकं नुसतं गरगरत होतं. देवाने दिलं आणि काढून घेतलं, ते का? आपण स्वतः डोंगर चढलो नाही, भावाला पाठवलं, म्हणून? की डबी विसरलो म्हणून मलम रुसलं? हा दुसरा विचार मनात आला तसा त्यांचा त्यांनाच तो विचित्र वाटला, पण तो जाईना. मालोजीरावांना फोन केला तर ते म्हणाले, "दादा, असं कसं होईल? पाणी बदललं असेल." मग ते पिण्याचं पाणी उकळून घेऊ लागले.

मुलगी यशस्विनी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, एका कंपनीत नोकरी करायची. तिचं मराठी घरापुरतं, अडलं की कन्नडात आणि कन्नड अडलं की इंग्रजीत जायची. जानेवारीत एका रविवारी ती आली, वडिलांचा पाय पाहिला आणि जागच्या जागी खाली बसली.

"अप्पा, हे काय? सहा महिने झाले! तुम्ही फोनवर परवागिल्ला, चालतंय, परवागिल्ला म्हणत होता."

"परवागिल्लाच हाय. जरा भरायला वेळ लागतोय."

"भरत नाही आहे, वाढत आहे. उद्या मी सुट्टी काढते. स्किन डॉक्टरकडे जायचं. मला काही सांगू नका."

त्वचारोगाच्या डॉक्टरांचं नाव पवित्रा. वय पस्तिशीच्या आत-बाहेर. त्यांनी पट्टी काढली, पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि वाकून निरखू लागल्या. तुकोजीरावांना अवघडल्यासारखं झालं. परक्या लेकीच्या मांडीवर आपला घाण पाय. ते मागे घ्यायला गेले तसा डॉक्टरांनी घोटा घट्ट धरून ठेवला. त्यांनी पावलावरची नाडी बोटाने चाचपली, पिंढरी दाबून पाहिली आणि मग जखमेच्या भोवती बोट फिरवलं.

"ताता, हे बघा," त्या कन्नडात म्हणाल्या. "जखम गोल आहे. पण भोवतीची लाली कशी आहे?"

तुकोजीरावांनी वाकून पाहिलं. लालीला चार सरळ कडा होत्या, चार कोपरे होते.

"चौकोनी," ते म्हणाले.

"अंगातून येणारा आजार चौकोनी नसतो. चौकोन बाहेरून येतो. ही तुमच्या चिकटपट्टीची जागा आहे. जखमेला काय लावता?"

"काही नाही."

"अहो, काही नाही काय?" मागून वनजाबाई म्हणाल्या. "घोडेमलम लावतात की. सकाळ-संध्याकाळ. बोटाच्या पेराएवढा थर."

"ते काय औषध हाय का?" तुकोजीराव बायकोवर उखडले. "डॉक्टर औषध विचारतायत. तू मधे बोलू नको."

डॉक्टर पवित्रांनी खुर्ची पुढं ओढली. "मलाही ऐकायचंय. त्यात काय असतं?"

तुकोजीरावांनी सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात आपोआप नेहमीचा थाट आला: घोडदळ, पणजोबा, तिळाचं तेल, पाला, मेण, राळ. डॉक्टरांनी बोटांचं विचारलं, पापण्यांचं विचारलं. मलम शिजवलं की खाज येते का? येते. किती वर्षं? झाली सात-आठ. बेट्टदपुराला काय बांधलं होतं? साडीचं फडकं. मलम? डबी विसरलो होतो. त्या लिहीत होत्या आणि तुकोजीरावांना कळेना, की या बाईला पायाचं सोडून डोळ्यांशी आणि साडीशी काय करायचंय.

शुक्रवारी त्यांच्या पाठीवर ओळीने बारीक चकत्या चिकटवल्या. प्रत्येक चकतीत वेगवेगळ्या वस्तूचा कण. तीन-चार दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. घरी ते कुबड आल्यासारखे वाकून वावरले, झोपताना पालथे झोपले. रविवारी चकत्या काढल्या, मंगळवारी पाठ पुन्हा पाहिली. एका ठिकाणी पैशाएवढा लाल, फोडफोडलेला ठिपका उठला होता. बाकी पाठ स्वच्छ.

डॉक्टरांनी यादीवर बोट ठेवलं. "राळ," त्या म्हणाल्या. "झाडाचा चीक. तुमच्या कातडीला ती सोसत नाही. तुमच्या मलमात राळ आहे, आणि ही चिकटपट्टी चिकटते त्यातही बहुतेक राळ आहे. जखम स्वतः भरायला बघतेय ताता, पण तिच्याभोवतीची कातडी सहा महिने सुजलेली, भिजलेली आहे. अशा कातडीतून जखम भरत नाही."

"राळेनं तर जखम भरते," तुकोजीराव म्हणाले.

"पुष्कळांची भरत असेल. तुमची नाही."

"चाळीस वर्षं हाताने ढवळली मी. चाळीस वर्षं सोसली, आणि आता सोसत नाही?"

"असंही होतं. वर्षानुवर्षं शिवलेली वस्तू एक दिवस शरीर परकी ठरवतं. तुमच्या बाबतीत नेमकं कधी आणि का, ते मला सांगता येणार नाही."

डॉक्टरलाच सांगता येत नाही म्हटल्यावर तुकोजीराव आणखी गोंधळले. घरी येताना रिक्षात त्यांनी लेकीला विचारलं, "तिच्या चकतीतली राळ कुठली असेल? विलायतेची असेल. आपली राळ तशी न्हवं. आपली मंडी मोहल्ल्याची."

"अप्पा, राळ म्हणजे राळ!"

दुसऱ्या दिवशी ते लंगडत मंडी मोहल्ल्यात गेले. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाला विचारलं, "राळ बदलली काय तुम्ही?" मालक दुखावला. त्याने डबा उघडून खडे दाखवले. आजोबांपासून एकाच ठिकाणचा माल येतो, म्हणाला. खडे तेच होते, पिवळे, काचेसारखे. तुकोजीरावांनी एक खडा नाकाशी नेला. वासही तोच. त्यांना वाटलं होतं, चोर सापडेल. चोर नव्हताच.

मग त्यांनी एक गोष्ट केली, कुणाला न सांगता. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपराच्या मधे, जिथं कधी ओरखडासुद्धा उठला नव्हता अशा गोऱ्या कातडीवर त्यांनी घोडेमलमाचा ठिपका लावला आणि वर फडकं बांधलं. चिकटपट्टी नाही. वनजाबाईंना सांगितलं, चटका बसलाय. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तिथंच ठिपका. मनातून त्यांची खात्री होती, की काही होणार नाही आणि मग हात घेऊन ते डॉक्टरांपुढं जातील.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते पुढच्या पायरीवर बसले आणि फडकं सोडलं. कातडी लाल होऊन फुगली होती. बारीक फोडांतून तेच चिकट पाणी. पायाला सहा महिने येत होती तीच खाज, ओळखीच्या माणसाने हाक मारावी तशी हातातून येत होती.

त्यांनी डावा पाय उजव्यावर घेतला, हात त्याच्या शेजारी धरला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. वनजाबाई सूप घेऊन बाहेर आल्या, त्यांनी हात पाहिला आणि सूप खाली ठेवलं.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"हो."

"वेड लागलंय काय तुम्हाला? बरा हात होता!"

"बरा होता म्हणूनच," तुकोजीराव म्हणाले. मग हाताकडे बघत म्हणाले, "वनजा, तू तरी सांग. वाईट काय आहे, मलम की मी?"

वनजाबाईंनी नळाखाली तो हात धरला आणि साबणाने धुतला.

त्यानंतर पायाचं काम सरळ झालं. जखमेवर साधं पांढरं व्हॅसलीन, भोवतीच्या कातडीला डॉक्टरांनी दिलेलं क्रीम दोन आठवडे, वर सुती कापड, आणि पावलापासून गुडघ्यापर्यंत ताणाची पट्टी, चिकटपट्टी अजिबात नाही. बसताना पाय स्टुलावर. तुकोजीरावांना यातलं काहीच औषधासारखं वाटत नव्हतं. व्हॅसलीनला वास नाही, ते झोंबत नाही, ज्यात दम नाही ते काय बरं करणार? पण आठ दिवसांत खाज गेली. महिन्याभरात जखम सुपारीएवढी झाली, मग चिंचोक्याएवढी. त्यांनी अवरेकाळू खाल्ले, वांगी खाल्ली, तरी ती भरतच राहिली. पाय बरा होत होता आणि डोक्यातला घोळ वाढत होता.

कारण आता पायापेक्षा मोठा प्रश्न उभा राहिला होता. चाळीस वर्षं आपण लोकांना काय दिलं?

फेब्रुवारीत पुनीत आला. पुनीत म्हणजे व्हॅनमधला जुना पोरगा, आता स्वतः दोन मुलांचा बाप, टायरच्या दुकानात कामाला. आईच्या टाचा फुटल्या होत्या, तिला कुदुरे मुलामु हवं होतं. तुकोजीरावांनी डबी हातात घेतली, पण पुढं केली नाही.

"पुनीत, खरं सांग. लहानपणी तुला हे लावायचो तेव्हा कसं वाटायचं?"

"बरं वाटायचं ताता."

"खाज यायची?"

पुनीत हसला, मग त्यांचं तोंड पाहून हसायचा थांबला. "यायची थोडी."

"थोडी?"

"फार यायची, ताता. घरी गेलो की आई धुऊन टाकायची. तुम्हाला सांगू नको म्हणायची. तुम्ही एवढ्या प्रेमाने लावत होता."

तुकोजीरावांनी डबीचं झाकण पुन्हा घट्ट दाबलं. मग त्यांनी विचारलं, "तरी आज आईसाठी न्यायला आलास?"

"आईला चांगलं लागतं," पुनीत म्हणाला. त्याला यात काही विचित्र वाटत नव्हतं. "मला खाज येते, तिला गुण येतो."

त्या दिवशी पुनीतला त्यांनी डबी दिली नाही, व्हॅसलीन घे म्हणाले. पुनीत जरा हिरमुसूनच गेला. मग चार-पाच दिवस तुकोजीराव हातात काठी घेऊन मोहल्ल्यात फिरले. जिथं-जिथं डबी गेली होती तिथं जाऊन विचारलं. समोरच्या बाई म्हणाल्या, त्याच्यासारखं दुसरं काही नाही, भाजलेलं एका रात्रीत बसतं. दामोदरराव म्हणाले, नेलं होतं खरं, लावलं कधीच नाही, कपाटात आहे. भांड्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने पाय वर करून जुना व्रण दाखवला आणि तातांचे हात धरले. इस्त्रीवाल्याची सून म्हणाली की तिच्या तान्ह्याच्या मांडीला लावलं होतं तेव्हा पुरळ आलं होतं. पण ते मलमाने की उन्हाने, ते तिला माहीत नाही. तुकोजीरावांनाही माहीत नव्हतं. ते घरी येऊन खुर्चीत बसले. वाईट म्हणावं तर भांडीवाल्याचा पाय, चांगलं म्हणावं तर त्या तान्ह्याची मांडी. दोन्ही खरं कसं असू शकतं?

यशस्विनीने तिच्या परीने सांगून पाहिलं. "अप्पा, शेंगदाणे सगळे खातात. एखाद्याला चालत नाहीत, त्याचा गळा सुजतो. म्हणून शेंगदाणे वाईट होतात का?"

"पण शेंगदाणे मी कुणाच्या जखमेत भरत न्हवतो," तुकोजीराव म्हणाले.

युगादी आली. मागच्या जागेत त्या वर्षी चूल मांडली गेली नाही. लोक नेहमीसारखे आले. तुकोजीराव प्रत्येकाला बसवून घेत आणि पहिल्यापासून सांगत: चौकोन, राळ, पाठीवरचा ठिपका, हातावरचा ठिपका. काहींनी ऐकून घेतलं. काही जण म्हणाले, तातांना वय झालं, आता कंटाळा येतो, सरळ सांगायचं सोडून गोष्ट रचलीय. एक बाई रागावून म्हणाली, डॉक्टरांनी पढवलंय तुम्हाला. फळीवर दसऱ्याच्या सतरा डब्या उरल्या होत्या. वनजाबाई रोज विचारायच्या, टाकू का? ते म्हणायचे, थांब. देऊ का कुणाला? थांब.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जखम बंद झाली. नडगीवर जांभळट, चकचकीत डाग राहिला, दाबलं तर दुखत नव्हता. डॉक्टर पवित्रांनी शेवटची पट्टी सोडली, डागावर बोट फिरवलं आणि ताणाचा मोजा दिवसा घालत राहा म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ताता, काही विचारायचंय?"

विचारायचं पुष्कळ होतं. राळ चाळीस वर्षं गप्प का बसली, हे विचारायचं होतं. इस्त्रीवाल्याच्या नातवाचं विचारायचं होतं. सतरा डब्यांचं काय करू, हेही. पण बाहेर माणसं खोळंबली होती आणि या पोरीला सगळं येत असतं तर तिने पहिल्या दिवशीच सांगितलं असतं, हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

"उद्या पुन्हा कुठं खरचटलं तर काय लावू?" त्यांनी विचारलं.

"साध्या पाण्याने धुवा. स्वच्छ कापड बांधा."

"आणि?"

"आणि काही नाही. फार तर हे व्हॅसलीन."

तुकोजीरावांनी वनजाबाईंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. दोघं बाहेर आली, चपला घातल्या. जिना उतरताना तुकोजीराव मधल्या पायरीवर थांबले. "नुसतं पाणी म्हणाली ना ती?" त्यांनी विचारलं.

"हो. चला, खाली रिक्षा उभी आहे," वनजाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या कोपराला धरून उतरू लागल्या.